वाकनिसाच्या दोन झरण्या

फार फार पूर्वी, आश्विन महिन्यातल्या अष्टमीला, दिवस कलल्यावर ही गोष्ट घडली. जागा होती नदीकाठच्या एका लहानशा राज्यातल्या वाकनिसाची ओसरी. ओसरीवर चौरंग होता, चौरंगावर तांबडा पंचा अंथरला होता आणि त्यावर दोन लेखण्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. समोर वाकनीस बसला होता. त्याने सकाळपासून काही खाल्ले नव्हते.

वाकनीस म्हणजे राज्यात जे जे घडते ते लिहून ठेवणारा माणूस. पीक कसे आले, पूर किती चढला, कोणाचे घर जळले आणि ते विझवायला कोण गेले नाही, सगळे त्याने लिहायचे. बाळांनो, हे काम तुम्हाला सोपे वाटेल. तुमच्या वडिलांनाही सोपेच वाटते. म्हणूनच जगात ते इतके वाईट केले जाते.

चौरंगावरच्या त्या दोन साध्या लेखण्या नव्हत्या, झरण्या होत्या. पोटात शाई भरून घ्यायची आणि दौतीत न बुडवता दिवसभर लिहायचे, अशी झरणी त्या काळी लाखात एखाद्याकडे असे. वाकनिसाकडे दोन होत्या, आणि तीच त्याची अडचण होती.

त्या राज्यात खंडेनवमीला हत्यारांची पूजा होई. रिवाज असा, की प्रत्येकाने देवीपुढे एकच हत्यार मांडायचे. सैनिकाने एक तलवार, सुताराने एक वाकस, न्हाव्याने एक वस्तरा आणि वाकनिसाने एक लेखणी. जे मांडले त्यावरच वर्षभर काम भागवायचे. त्याच जातीचे दुसरे असेल ते देवीच्या कोठीत जमा करायचे. जुने लोक म्हणत, दोन तलवारींचा शिपाई ऐन वेळी कोणती उपसावी याचाच विचार करीत बसतो.

काळी झरणी थोरली. म्हशीच्या शिंगाची, घासून घासून आरशासारखी केलेली, गळ्याशी चांदीचे कडे. लग्नात सासऱ्यांनी मुद्दाम घडवून जावयाला दिली होती. तिचे टोक टणक होते. कागदावरून जाताना ती कुरकुर करी, आणि तिच्या दाबाने वाकनिसाच्या मधल्या बोटाच्या पेरावर घट्टा पडला होता.

मोरपंखी झरणी धाकटी. राजपुत्राच्या बारशाला राजाने आपल्या हाताने दिलेली. अंगावर लाखेचे काम, उन्हात धरली की हिरव्यातून निळी होणारी. टोक सोन्याचे. दाबले की पसरे, सोडले की मिटे. तिची वेलांटी कागदावर अशी उतरे, की सोनाराने नथ घडवावी. आणि आवाज म्हणाल तर काही नाही. पाण्यावरून होडी जावी तशी ती जाई.

वाकनिसाचा दोघींवर जीव होता. रोज सकाळी तो दोघींना कोमट पाण्याने धुवी, मऊ फडक्याने पुशी, खोबरेल तेलाचे बोट फिरवी. त्याच्या बायकोने हा सोहळा बघून बघून त्यांना नावच ठेवले होते: माझ्या सवती.

आता ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"अहो, थोरलीला न्हाऊ घातलंत, धाकटीला न्हाऊ घातलंत. आता माणसांनी जेवायचं का?"

"तुला थट्टा सुचतेय."

"मग काय रडू? एक सवत मी स्वतः माहेरून आणली, दुसरी सरकारातून आली. दोघींना नीट नांदवलं. उद्या एकीला घराबाहेर काढायची वेळ आली, तर नवरा जेवेना. मी माहेरी गेले होते तेव्हा मात्र दोन्ही वेळा पोटभर जेवत होता म्हणे."

"तेव्हा तू परत येणार होतीस," वाकनीस म्हणाला.

ती आत गेली, गूळपोह्यांची वाटी घेऊन आली आणि त्याच्या गुडघ्यापाशी ठेवून तिथेच बसली.

वाकनिसाने कागद पुढे ओढला. लेखणी पारखायची त्या राज्यातल्या सगळ्या लेखकांची एकच रीत होती. लेखणी घ्यायची आणि कागदाच्या मध्यावर 'श्री' लिहायचा. त्याने काळीने श्री लिहिला. ठसठशीत आला. मोरपंखीने लिहिला. डोळ्यांचे पारणे फिटले. पुन्हा काळीने, पुन्हा मोरपंखीने. कागद श्रींनी भरत चालला आणि वाकनीस होता तिथेच राहिला.

"मोरपंखी ठेवा," बायको शेवटी म्हणाली. "बाबांनी दिलेली म्हणून काळीला धरून बसू नका. राजाची भेट वर्षाच्या आत कोठीत टाकलीत तर त्यांना काय वाटेल? आणि तुमचं काही चुकावं म्हणून प्रधान तर वाटच बघतोय."

हे खरे होते. शिवाय राजाने झरणी दिल्यापासून वाकनीस दोन खर्डे करू लागला होता. जिथे घटना घडेल तिथे उभ्या उभ्या काळीने कच्चा खर्डा. मग घरी बसून मोरपंखीने पक्का. पक्क्याचे दरबारात फार कौतुक होई. लोक म्हणत, वाकनीस आता काय लिहितो! पूर्वी नुसता सांगायचा.

त्याने मोरपंखी उचलून पंचाच्या उजव्या बाजूला ठेवली. उजवी बाजू म्हणजे पूजेची.

एवढ्यात अंगणात कोणीतरी येऊन उभे राहिले. ती राही होती, भिवा कुंभाराची बायको. भिवा तीनच दिवसांपूर्वी वारला होता. ललितापंचमीला नदीपलीकडे देवीची जत्रा भरली होती, आणि जत्रेला जाणारी माणसे वर असताना नदीवरचा लाकडी साकव मधोमध मोडला. बाकीचे काठाला लागले. भिवा बुडाला. वाकनीस त्या वेळी काठावरच उभा होता.

"ये राही, बस," वाकनिसाची बायको म्हणाली.

"बसत नाही वैनी. एक विचारायचं होतं." राही वाकनिसाकडे वळली. "वाकनीसबाबा, उद्या पूजेनंतर तुम्ही वाचणार ना? पंचमीचं?"

खंडेनवमीला भर सभेत वाकनीस वृत्तान्त वाची, आणि एकदा वाचले की ते कायमचे. पुढे नातवंडा-पतवंडांनी तेच खरे मानायचे. त्यात फिरवाफिरव नाही.

"वाचणार," वाकनीस म्हणाला.

"काय लिहिलंत ते मला आज ऐकवता?"

वाकनिसाने मोरपंखीने लिहिलेला पक्का खर्डा काढला. त्याचा त्याला अभिमान होता. घसा साफ करून त्याने वाचले, "त्या मंगल दिनी उत्सवाच्या उल्हासात साकव डोलला, आणि एक भाविक जीव सरितेच्या कुशीत विसावला."

राहीने नीट ऐकून घेतले.

"छान आहे," ती म्हणाली. "कुणाचं आहे?"

"कुणाचं म्हणजे? तुझ्या नवऱ्याचं."

"अस्सं." ती म्हणाली. "बाबा, माझा नवरा विसावला नाही हो. त्याला पोहता येत नव्हतं. आणि प्रधानांनी दवंडी पिटवलीये, भिवा कुंभार दारू पिऊन साकवावर नाचत होता, म्हणून साकव हलला. माझ्या सासूला शेजारणी सांगून जातात, असा कसा तुझा लेक, सणासुदीला प्यायला. तुम्ही तिथं होतात. तो नाचत होता का?"

"नाही," वाकनीस म्हणाला. "डोक्यावर मडक्यांची पाटी होती त्याच्या. मला म्हणाला, बाबा, वाट द्या, देवीची मडकी आहेत."

"मग यात ते कुठंय?"

वाकनिसाने कागदाकडे पाहिले. कागदावर ते कुठेच नव्हते. काळीने लिहिलेल्या कच्च्या खर्ड्यात भिवाचे नाव होते, पाटी होती. पक्का करताना त्याला वाटले होते, मडकी वाक्यात बरी दिसत नाहीत.

राही आली तशी गेली. ती रागावली नव्हती. रागावली असती तर वाकनिसाला बरे वाटले असते.

मग बायकोने श्रींनी भरलेला कागद उचलला, त्याची घडी घातली आणि चुलीकडे नेण्यासाठी बाजूला ठेवली.

"तुम्ही लेखकमंडळी शहाणी, पण पारख करता ती श्री लिहून. श्री काय, कोळशाने लिहिला तरी गोड दिसतो. लेखणी पारखायची तर जे लिहायला जड जातं ते लिहून बघा. भिवाचं लिहा. दोघींनी लिहा."

वाकनिसाने आधी मोरपंखी घेतली. त्याला खरेच लिहायचे होते. त्याने लिहिले, 'साकव'. पुढचा शब्द 'मोडला'. पण सोन्याचे टोक 'सा'च्या कान्यावरून इतके सुंदर उतरले की हात आपोआप हळू झाला. हळू झालेल्या हाताला 'मोडला' हा शब्द ओबडधोबड वाटला. 'कलला' बरा, असे त्याच्या मनात आले. 'लवला' तर त्याहून बरा.

"का ग, अशी का करतेस?" तो मोरपंखीला म्हणाला.

लेखण्या बोलत नाहीत, असे म्हणणाऱ्याने कधी मन लावून काही लिहिलेले नसते. मोरपंखी बोलली, आणि अगदी मायेने बोलली.

"मी काय करते? मी तुझ्या हातात असते तेवढीच. पण मला घेतलंस की तू सावकाश होतोस, आणि सावकाश झालास की काय घडलं ते सोडून काय शोभेल ते शोधू लागतोस. मी सोन्याची आहे रे. मला शोभेचंच काम येतं. लग्नपत्रिका लिही, ओव्या लिही, बायकोला चार ओळी लिही. बघ मग."

वाकनिसाने तिला हळूच खाली ठेवले आणि काळी घेतली. काळी कुरकुरली.

'साकव मोडला,' काळीने लिहिले. तिला शब्द निवडायची हौस नव्हती. 'मधली तुळई मोडली. भिवा कुंभार पाण्यात पडून मेला. त्याच्या डोक्यावर मडक्यांची पाटी होती. तो शुद्धीत होता. तुळई' आणि तिथे ती अडली.

वाकनिसाने झटकली. शाई होती. पुन्हा टेकवली. अक्षर उमटेना.

"आता तुला काय झालं?"

"तुळई कशाची होती?" काळीने विचारले.

"सागाची असणार. साकवाच्या तुळया सागाच्याच असतात."

"असणार? बघितलीस?"

"नाही."

"मग मी काय लिहू? असणार? इतकी वर्षं माझ्याशी संसार करून तुला एवढं कळू नये? सासऱ्यांनी काय बघून मुलगी दिली देव जाणे."

वाकनीस उठला. पायताण घालू लागला. बायकोही उठली.

"तू कुठं?"

"सवत म्हणाली ते बरोबर आहे. मी पण येते."

दिवस मावळायला अजून अवकाश होता. दोघे नदीवर गेले. मोडकी तुळई खालच्या अंगाला खडकांत अडकून पडली होती. वरून तिला सागाचा रंग होता, पण मोडलेल्या तोंडाशी आत पांढरट भुसभुशीत लाकूड दिसत होते. बायकोने त्यावर अंगठ्याचे नख दाबले. नख रुतले.

"पांगारा," ती म्हणाली.

पांगाऱ्याचे लाकूड कसे असते, हे त्या राज्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. मुलांची खेळणी त्याची करीत, कारण ते सुरीने कापता येई. त्यावरून माणसे चालवायची, तीही जत्रेच्या दिवशी, हे कोणाच्याही डोक्यात यायला नको होते. पण कोणाच्या तरी आले होते, आणि त्याने वरून सागाचा रंगही दिला होता. म्हणजे हे न कळून झाले नव्हते.

वाकनिसाने कडेच्या तुळया पाहिल्या. त्या सागाच्या होत्या. मग तो तिथेच खडकावर बसला आणि काळी झरणी काढून अडलेले वाक्य पुरे केले. ती सरसर चालली. कुरकुरली, पण अडली नाही.

घरी परतताना बायकोने विचारले, "मग? कोण राहणार?"

"तुला ठाऊक आहे."

"मला ठाऊक आहे. तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"थोरली," वाकनीस म्हणाला, आणि धाकटीच्या आठवणीने त्याचे डोळे भरून आले. बायकोने ते पाहिले, पण त्या वेळी मात्र थट्टा केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवीपुढे सगळ्यांनी आपापली हत्यारे मांडली. वाकनिसाने काळी झरणी मांडली आणि मोरपंखी कोठीच्या तबकात ठेवली.

प्रधानाचे डोळे तिथेच होते. "वाकनीस, वय झालं वाटतं. तबक चुकलं तुमचं. ती महाराजांची भेट आहे."

"तबक चुकलं नाही, प्रधानजी."

राजाने मान वर केली. त्याला ते लागले होते, आणि राजा असला तरी त्याने ते लपवले नाही. "आमच्या झरणीत काय खोट निघाली?"

"खोट काही नाही, महाराज. तिच्याइतकं देखणं कोणी लिहीत नाही. मी तिच्या नादाला लागतो, एवढंच. ती हातात असली की साकव मोडत नाही, डोलतो. माणूस मरत नाही, विसावतो. दोष तिचा नाही, माझ्या हाताचा आहे. या वयात हात बदलत नाही, म्हणून लेखणी बदलली."

"वाच," राजा म्हणाला.

वाकनिसाने वाचले.

"पंचमीला, सूर्य डोक्यावर असताना, नदीवरचा साकव मोडला. भिवा कुंभार पाण्यात पडून मेला. त्याच्या डोक्यावर देवीच्या मडक्यांची पाटी होती. तो शुद्धीत होता. तो नाचत नव्हता. साकवाची मधली तुळई मोडली. ती सागाची नव्हती, पांगाऱ्याची होती. तिला वरून सागाचा रंग दिला होता."

तेवढ्यात मागून, बायकांच्या घोळक्यातून, राहीचा आवाज आला.

"वाकनीसबाबा, सासूबाईंना कमी ऐकू येतं. जरा जोरात वाचा."

वाकनीस जोरात वाचू लागला. 'तो शुद्धीत होता' या वाक्याशी एका म्हातारीने पदर डोळ्यांना लावला. शेजारच्या बायका तिच्यापासून थोड्या दूर सरकून उभ्या होत्या. त्यांतली एक गुपचूप जवळ आली.

वाचून झाल्यावर राजाने विचारले, "ही तुळई कोणी बसवली?"

प्रधानाने लाकूडकोठाराच्या कारभाऱ्याकडे पाहिले. कारभाऱ्याने मुख्य सुताराकडे पाहिले. मुख्य सुताराने आपल्या पायांच्या अंगठ्याकडे पाहिले.

राजाने त्याच दिवशी नवी दवंडी पिटवली. ज्या चौकांत भिवाला दारुडा म्हटले गेले होते, त्याच चौकांत, त्याच डफावर, तो शुद्धीत होता हे ओरडून सांगावे लागले. राहीच्या दारावरून दवंडी गेली तेव्हा तिने दवंडीवाल्याला थांबवले, पाणी दिले आणि पुढच्या आळीतही सांग, म्हणाली.

वाकनिसाला बक्षीस मिळाले नाही. राजाने त्याला शिक्षा केली नाही, पण पुन्हा कधी भेटही दिली नाही. प्रधानाने त्याचे आसन सरकवत सरकवत दारापाशी नेले, जिथे लोक जोडे काढतात. वाकनीस म्हणे, इथून येणारी-जाणारी माणसे चांगली दिसतात.

पुढच्या खंडेनवमीला त्याला मोरपंखी परत घेता आली असती. रिवाजात ते बसत होते. त्याने घेतली नाही. पण दर वर्षी पूजेनंतर तो कोठीत जाई, पुजाऱ्याकडून मोरपंखी मागून घेई, फडक्याने पुशी, खोबरेलाचे बोट फिरवी आणि एका चिठोऱ्यावर बायकोसाठी चार ओळी लिही. मग तिला जागच्या जागी ठेवून घरी येई.

"आलात का धाकटीला भेटून?" बायको विचारी.

"आलो."

"खुशाल आहे ना?"

"खुशाल आहे. तुला निरोप दिलाय." आणि तो चिठोरा तिच्या हातात देई.

बायको वाचण्याआधी तो उजेडात धरून नुसते अक्षर बघत बसे, कारण अक्षर खरोखरच फार सुंदर असे.

बाळांनो आणि बाळांच्या आजोबांनो, बोध एवढाच: जे आपल्याला सुंदर बोलायला लावते त्यावर प्रेम करावे, पण जे आपल्याला उठून जाऊन पाहायला लावते तेच हातात ठेवावे.

नदीवर नवा साकव झाला आहे, आणि त्याच्या सगळ्या तुळया सागाच्या आहेत. जुन्या साकवाखाली पांगारा कोणी घातला, हे त्या राज्यात अजून कोणीही सांगितलेले नाही.